बोंबी बसली त्या दिवशी

“आणि ते उजवीकडचं खालचं दुखणं?” डॉक्टरांनी विचारलं.

मी मोठ्या खुशीत सांगितलं, “ते तर काल सकाळीच थांबलं. एकदम थांबलं. आता नुसतं पोट फुगलंय आणि ताप आहे.”

मला वाटलं, हे ऐकून डॉक्टरांना बरं वाटेल. बरं वाटतंय म्हटलं की डॉक्टर मान डोलावतात आणि दोन गोळ्या लिहून देतात, असंच आजवर पाहत आले होते. भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यातले सर्जन तरुण होते, माझ्या मिस्टरांपेक्षाही लहान असतील. त्यांनी माझ्या पोटावरचा हात उचलला नाही. एकदा सोनोग्राफीच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“एकदम थांबलं? काही औषध घेतलं होतं?”

“औषध नाही. सासूबाईंनी बोंबी बसवली.”

डॉक्टर नर्सकडे वळले. “सिस्टर, ओटीला कळवा. भूलतज्ज्ञांना म्हणावं लगेच या.” मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुमचं अपेंडिक्स फुटलंय. दुखणं थांबलं ते त्यामुळं.”

पलंगाच्या पायथ्याशी सासूबाई पिशवी धरून उभ्या होत्या. पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि माझ्यासाठी आणलेला पेजेचा डबा होता. त्यांना वाक्य कळलं की नाही माहीत नाही, पण डॉक्टरांचा चेहरा कळला. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो पदरात घेतला.

हे सगळं लिहून काढावं असं मला आधी वाटत नव्हतं. आपल्या पोटातल्या भानगडी चारचौघांत कशाला सांगायच्या? पण आमच्या भागात अजून कितीतरी घरांत हेच चालतं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरात चालत असेल तर नीट वाचा.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या करडीजवळचे. मी बी.ए. झालेली, गावात शिवणक्लास चालवते. माझे मिस्टर, विलास, राईस मिलवर मशिनीच्या कामाला आहेत. घरी थोडं धान पिकतं. आमचं घर बौद्ध. विलासच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वेळी घरातले देव, ताईत, अंगारे, सगळं बाहेर गेलं, आणि ते परत येऊ नये याची राखण सासूबाई आजही करतात. त्यांना मी आईच म्हणते. कुणी भुताखेताचं नाव काढलं की आई त्याला ओट्यावरूनच वाटेला लावतात. एकदा एकीनं आमच्या लेकीची, स्वराची दृष्ट काढायला मीठ-मिरची आणली, तर आईंनी ती मिरची तिच्याच भाजीत टाकायला सांगितली. तर असं आमचं घर.

पण बोंबी बसवणं मात्र आमच्या घरात राहिलं होतं. बोंबी म्हणजे बेंबी. जड वजन उचललं, पाय घसरला, वाकून काम केलं की बोंबी जागेवरून सरकते, मग पोट दुखतं, अन्न जात नाही, असं आमच्याकडे समजतात. ती जागेवर आणणं म्हणजे बसवणं. गरम तेल लावून अंगठ्यानं पोट दाबत आणायचं, पायाचे अंगठे जुळवून बघायचे, नाहीच जमलं तर पोटावर पेटती वात ठेवून वर लोटा पालथा घालायचा. आईंचा हात यात नावाजलेला होता. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. आई कुणाकडून काही घेत नसत.

मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा हिंमत करून म्हटलं होतं, “आई, ही पण एक अंधश्रद्धाच ना?” तेव्हा त्या रागावल्या नाहीत. हसल्या. “याच्यात मंत्र हाय का वं? लिंबू हाय का? हे हाताचं काम हाय. तू जशी मशीन चालवते, तसा मी हात चालवतो.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर फारच पटलं. देवाचं नाव नाही, पैसा नाही, भीती घालणं नाही, मग त्यात खोटं काय असणार? अंगारा ओळखायला आम्ही शिकलो होतो. हात ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं.

रोवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस होते. आमच्या धानाच्या बांधीत बाया लागल्या होत्या आणि एक बाई कमी पडली म्हणून मी क्लास बंद ठेवून चिखलात उतरले. दुपारच्या आधीच बेंबीभोवती दुखायला लागलं. कळ नव्हती, एक बारीक, सारखी टोचणी होती. डबा उघडला तर वासानंच मळमळलं. आईंनी बांधावरून पाहिलं.

“काहून वं, जेवून नाही राहिली?”

“पोट दुखून राहिलं, आई.”

“वाकू वाकू सरकली असन. सवय नाही तुले. चल घरी.”

घरी त्यांनी मला चटईवर निजवलं, तेल कोमट केलं आणि बेंबीत अंगठा रोवून बघितलं. आत जे ठोके देतं ते त्यांच्या बोटाला लागतं, ते जागेवर नाही म्हणाल्या. हळूहळू दाबत आणलं. मला जरा बरं वाटलं. आईंच्या हाताखाली कुणालाही बरं वाटतं, तो हातच तसा आहे, मऊ आणि घाई नसलेला. मी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुखणं बेंबीजवळून उठलं आणि उजवीकडे खाली गेलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सला आलेली सूज, बऱ्याचदा अशीच सुरू होते, असं मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी एक छोटी नळी लोंबत असते, तिला अपेंडिक्स म्हणतात. तिचं तोंड बुजलं की ती आतल्या आत फुगते. आधी दुखतं बेंबीभोवती, मग ते सरकत उजव्या बाजूला खाली येतं. डॉक्टरकीच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर असेल. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होता.

“बोंबी आता उजव्या अंगाले गेली,” आई म्हणाल्या. “काल पुरी बसली नोहती.”

किती सरळ होतं ते! दुखणं सरकलं, म्हणजे बोंबी सरकली. मीही मान डोलावली. दिवसभरात त्यांनी परत परत चोळलं. उजवा पाय सरळ केला की पोटात ओढ बसायची, म्हणून मी गुडघा मुडपून पडले होते. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आई दाबायच्या तेव्हा दुखायचं, पण हात एकदम उचलायच्या तेव्हा त्याहून जास्त दुखायचं. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, हात सुटला की बोंबी परत पळते. त्यांनी लोटाही लावून पाहिला. थोडा ताप होता. तो थकव्याचा म्हणून सोडून दिला. विलास म्हणाले, “मोहाडीच्या दवाखान्यात दाखवून येऊ का?” मीच म्हटलं, उद्या बघू, रोवणी अर्धी राहिली आहे.

आणि मग ती सकाळ. मी चहासाठी उठून बसत होते. पोटात आत एक जोराची कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्यानंतर सगळं शांत झालं. इतकं शांत की मी पोटावर हात ठेवून बघत राहिले. दुखणं गेलं होतं. आदल्या दिवसापासून मुडपलेला पाय मी सरळ केला.

“आई! बसली!” मी ओरडले.

आई चुलीजवळून धावत आल्या. मला उभी बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या वच्छलाबाई आल्या, त्यांनी आईंच्या हाताची तारीफ केली. मी दोन घास वरण-भात खाल्ला. इतकंच काय, अर्धवट राहिलेल्या एका ब्लाउजची बाही लावायला मशीनवर बसले. स्वरा शाळेतून आली तर मला बघून नाचायला लागली.

त्या दिवसाची मला आजही जेवढी भीती वाटते तेवढी ऑपरेशनची वाटत नाही. माझ्या पोटात पू पसरत होता आणि आम्ही घरात हसत होतो. कुणालाही काही वाईट दिसत नव्हतं. मला तर सगळ्यांत कमी दिसत होतं.

संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. पोट जड झालं, वर यायला लागलं. उचक्या सुरू झाल्या. जीभ कोरडी पडली. पोट साफ होत नव्हतं, वारासुद्धा सरत नव्हता. पण बोंबी तर बसली होती! मग हे काय? तर जंत. वच्छलाबाईंनी नाव काढलं आणि सगळ्यांना पटलं. आमच्या स्वराला अधूनमधून जंत व्हायचे, झोपेत दात खायची, खाजवायची. तसेच माझे उठले असतील. पळसाच्या बिया वाटून गुळात कालवून द्यायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, ती गोळी आईंनी मला दिली. ती पोटात राहिली नाही, हिरव्या पाण्याबरोबर बाहेर आली.

सकाळी विलासनी माझं पोट पाहिलं. ते फळीसारखं कडक झालं होतं. ते तडक बाहेर गेले आणि गाडी घेऊन आले.

रात्रभर पाऊस पडला होता आणि नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत होतं. अलीकडे गाड्या थांबलेल्या. लोक खाली उतरून पाण्याकडे बघत उभे होते, कुणी म्हणे उतरतंय, कुणी म्हणे चढतंय. मी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला ग्लानी येत होती आणि त्या सारख्या मला नावानं हाक मारत होत्या, “सुनंदा, बोल ना वं काही.” मला एवढंच कळत होतं की आपलं शरीर आता आपलं ऐकत नाही.

शेवटी रोवणीला निघालेला एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीतल्या बाया खाली उतरल्या आणि मला वर निजवलं. ट्रॅक्टरवाला विलासना म्हणाला, “भाऊ, मी नेतो, पण देवाचं नाव घ्या.” आई म्हणाल्या, “नाव नको घेऊ, समोर पाह्य.” पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलं होतं. खालच्या प्रत्येक दगडाबरोबर माझ्या पोटात जे होत होतं, त्याला मराठीत शब्द असेल तर मला माहीत नाही. पलीकडे दुसरी गाडी मिळाली. भंडारा आलं तोवर माझे हातपाय गार पडले होते.

पुढचं तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. डॉक्टरांनी विलासना बाजूला घेऊन जे सांगितलं तेही मला ऐकू येत होतं. “पेरिटोनायटिस झालाय. म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरात पू पसरलाय. अंगात विष भिनायला लागलंय, बीपी खाली आहे. रक्त कमी आहे, तेही चढवावं लागेल. ऑपरेशन केलं तर आशा आहे. नाही केलं तर नाही.” विलासनी विचारलं, “वाचंल ना जी?” डॉक्टर म्हणाले, “मी प्रयत्न करतो.” हो म्हणाले नाहीत. मी त्या शब्दाची वाट बघत होते.

ओटीत नेताना मी स्वराचा विचार केला. तिच्या शाळेच्या ड्रेसचं बटण तुटलं होतं आणि मी ते लावलं नव्हतं. एवढ्या मोठ्या मरणाच्या दारात मला बटण आठवलं.

ऑपरेशनच्या वेळचं मला विलासकडून कळलं. माझा भाऊ मनोज तुमसरवरून धावत आला होता. काय झालं ते ऐकून तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईंसमोर उभा राहिला आणि सगळ्या लोकांदेखत ओरडला, “तुमी माह्या बहिणीले रगडू रगडू मारलं! अंधश्रद्धा नाही म्हणता ना घरात? मंग हे काय होतं?” विलास मध्ये पडायला गेले. आईंनी त्यांना हातानं थांबवलं. “खरं बोलून राहिला तो,” त्या म्हणाल्या. “बोलू दे त्याले.” त्यानंतर त्या तिथून हलल्या नाहीत आणि मी शुद्धीवर आल्याची बातमी येईपर्यंत पाणीही प्यायल्या नाहीत.

मी शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, पोटाच्या बाजूला नळी, हातात सुई. पोट उभं चिरून आत धुवून काढलं होतं. आयसीयूमध्ये एकेक मशीन वाजायचं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे माझ्यासाठीच. शेजारच्या पलंगावर एक आजी होत्या, एका सकाळी तो पलंग रिकामा दिसला. ताप उतरायचा आणि परत चढायचा. डॉक्टर रोज यायचे, नळीतून काय आलं ते बघायचे आणि म्हणायचे, “अजून काही सांगता येत नाही.” वॉर्डात हलवल्यावर जखमेत परत पू झाला. टाके उघडून रोज ड्रेसिंग. ते मी लिहीत नाही.

वॉर्डात माझ्याजवळ आई थांबायच्या. सगळं करायच्या. पाणी, कपडे, औषधांच्या वेळा. फक्त मला हात लावायच्या नाहीत. सिस्टर म्हणायची, “पेशंटला धरून बसवा,” तर त्या शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या मुलीला बोलवायच्या. मला आधी कळलंच नाही. मग एकदा त्या तिला हळू आवाजात सांगताना ऐकलं, “तूच धर बाई. माह्या हातानं नको.”

मला त्यांचा राग होता, हे कबूल करते. चांगलाच राग होता. पडल्या पडल्या मी मनात त्यांच्याशी भांडायचे. एवढा आत्मविश्वास कसला? एवढ्या लोकांची पोटं चोळलीत, एकदाही शंका आली नाही? मग माझाच आवाज मला आठवायचा, “आई, बसली!” आणि भांडण पुढे सरकायचं नाही.

डॉक्टरांना मी एका दिवशी सरळ विचारलं. आई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावं असंच विचारलं. “चोळल्यामुळं फुटलं का?”

ते म्हणाले, “चोळायला नकोच होतं. अशा पोटाला कुणी हात लावू नये. पण त्यामुळंच फुटलं असं मी सांगू शकत नाही. सुजलेलं अपेंडिक्स तसंच ठेवलं तर आपोआपही फुटतं. तुमचे दिवस वाया गेले, हे मात्र नक्की. आणि फुटल्यावर बरं वाटतं, तेव्हा माणूस घरी बसतो. तिथं खरा धोका होता.”

आई खिडकीबाहेरच बघत होत्या. त्या दिवशी दुपारी मला खोकल्याची उबळ आली. पोट चिरलेलं असताना खोकला म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. सिस्टरनी सांगितलं होतं की पोटावर उशी दाबून धरायची. शेजारची मुलगी खाली गेली होती. मी म्हटलं, “आई, धरा.” त्या तशाच उभ्या. मी रडत ओरडले, “आई, धरा ना, मरून राहिली मी!” तेव्हा त्या आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी उशी धरली. माझा खोकला थांबल्यावरही त्यांनी उशी सोडली नाही. राग त्या दिवशी संपला असं नाही, पण त्याला आता धार राहिली नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी तपासणीला गेले तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला बायोप्सी म्हणतात. मला वाटलं, आता कॅन्सर निघाला की काय. डॉक्टर म्हणाले, “अपेंडिक्समध्ये जंत होते.”

आई लगेच म्हणाल्या, “पाह्य, मंग जंतच होते ना!” आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी पदर तोंडावर धरला.

पिनवर्म, म्हणजे सूतकृमी. पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे असतात, म्हणून मराठीत हे नाव. लहान मुलांना जास्त होतात. झोपेत मुलाला खाज सुटते, ते खाजवतं, अंडी नखात जातात, नखांतून अंथरुणावर, भांड्यांवर, घरभर. मग तोंडातून पोटात. डॉक्टरांनी विचारलं, “तुम्हाला बोटं तोंडात घालायची सवय आहे का?” मी नाही म्हटलं. विलास म्हणाले, “दिवसभर दोरा तोंडात असतो ना तुझ्या.” खरंच की. सुईत ओवायला दोरा ओठांत ओला करायचा, शिवण झाली की दातांनी तोडायचा. सगळ्या शिवणाऱ्या बाया तेच करतात. मी क्लासमध्ये मुलींना तेच शिकवलं होतं.

जंतांमुळंच अपेंडिक्सचं तोंड बुजलं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं होऊ शकतं, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. कधी कधी जंत तिथं नुसते असतात आणि कारण वेगळंच असतं. मला त्यांचं हे आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तरी ‘माहीत नाही’ म्हणालं आणि त्यानं भीती वाटली नाही.

स्वराला शाळेत जंतांची गोळी मिळायची, ती चावून खायचीही. पण घरातल्या बाकीच्यांनी कधी घेतली नव्हती, म्हणून तिला पुन्हा पुन्हा जंत होत होते. डॉक्टरांनी सांगितलं की घरात एकाला झाले तर सगळ्यांनी एकाच दिवशी अल्बेंडाझोलची गोळी घ्यायची, दोन आठवड्यांनी परत. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नखं कापायची. चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायच्या. आम्ही सगळे ओळीनं बसून गोळ्या चावत होतो तेव्हा स्वरा आईंना म्हणाली, “आजी, गिळायची नाही हं, चावायची.” आईंनी निमूट चावली.

आईंनी बोंबी बसवणं सोडलं. लोक यायचे, त्या हात मागे घ्यायच्या. “मी नाही करत आता.” मला वाटलं, झालं, सुटलो. पण झालं उलटं. एक माणूस असाच पोट धरून आला, आईंनी नाही म्हटलं, तर तो तिथूनच पुढच्या गावच्या बोंबी बसवणाऱ्याकडे गेला. दवाखान्यात गेला नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला लिहायचं नाही. ती बातमी आली त्या दिवशी आई जेवल्या नाहीत. हात मागे घेतल्यानं कुणी वाचत नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही कळलं.

धान कापणीला आलं होतं. दुपारी वच्छलाबाई त्यांच्या नव्या सुनेला, प्रियंकाला, धरून घेऊन आल्या. पोरगी वाकून चालत होती, उजवा हात पोटावर. त्या आईंना म्हणाल्या, “शेवंताबाई, एक बार हात लाव. तुह्याशिवाय दुसऱ्याले नाही नेत मी.”

मी दारातून ओरडणारच होते. आई पुढे झाल्या. त्यांनी पोरीला बाजेवर निजवलं आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा कुणाच्या पोटावर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, आणि डोळे मिटून थोडा वेळ बसल्या, पूर्वी बसायच्या तशाच. वच्छलाबाई श्वास रोखून बघत होत्या.

“बोंबी जाग्यावर हाय,” आई म्हणाल्या.

“मंग दुखून कायले राहिलं?”

“बोंबी जाग्यावर हाय म्हणतो ना! हे माह्या हाताचं काम नोहे. भंडाऱ्याले न्या. आता न्या.” वच्छलाबाई घुटमळल्या. उद्या नेतो म्हणाल्या. तेव्हा आईंनी मला हाक मारली, “सुनंदा, इकडे ये वं. पोट दाखव इले.”

मी पदर बाजूला केला. छातीच्या खालून सुरू होऊन खाली गेलेला तो व्रण, मधे जिथं टाके उघडले होते तिथं वेडावाकडा भरलेला. मी आजवर तो विलासनाही उजेडात दाखवला नव्हता. वच्छलाबाईंनी तो पाहिला आणि गाडी बोलवायला मुलाला फोन लावला.

गाडीत आई स्वतः चढल्या, मीही चढले. रस्ता कोरडा होता, नाल्यात पाणी नव्हतं. प्रियंका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कण्हत होती. अर्ध्या वाटेवर तिचं कण्हणं थांबलं. डोळे मिटलेले. मी आईंकडे पाहिलं, आई माझ्याकडे. त्यांनी वाकून तिच्या गालाला हात लावला.

“प्रियंका, ए बाई, दुखून राहिलं का अजून?”

गाडी चालत होती. आईंचा हात तिच्या गालावर तसाच होता.

“हो जी,” ती रडत म्हणाली, “लय दुखते.”

“दुखू दे,” आई म्हणाल्या, आणि आम्हा दोघींनाही रडू आलं.